पोरांना बावखल मोजू द्या

पावसाळा सुरू झाला की आपल्या वसई-विरारच्या महाविद्यालयांतली पोरे-पोरी कामाला लागतात. जुलैत झाडे लावायची, गणपतीत निर्माल्य गोळा करायचे, २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस पाळायचा, २ ऑक्टोबरला हातात झाडू घ्यायचा आणि थंडीत एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचे शिबीर करायचे, असा वर्षाचा क्रम ठरून गेला आहे. मध्येच एखाद्या रविवारी किनाऱ्यावर जाऊन प्लास्टिकच्या बाटल्या वेचायच्या. वसईचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय असो, संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय असो, विरारचे विवा असो की पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय असो, एन.एस.एस.चा बिल्ला लावलेली पोरे तुम्ही कधी ना कधी आपल्या गावात पाहिलीच असतील.

ती येतात, आपण चहा देतो, सरपंच नारळ फोडतात, फोटो निघतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत जातात. त्यांच्या मागे काय उरते, हा प्रश्न आपण विचारत नाही. महाविद्यालयही विचारत नाही. कारण त्यांच्या अहवालात 'दोनशे रोपे लावली' एवढे लिहिले की काम भागते, आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या अहवालातही तेच दोनशे पुन्हा मोजले जातात. पुढच्या मे महिन्यात त्यांतली किती जगली हे बघायला कॉलेजला सुट्टी असते आणि गावाला वेळ नसतो.

यात पोरांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. उन्हात खड्डे खणणाऱ्या पोरांची आपण चेष्टा केली तर उद्या कुणी खणायलाही येणार नाही. दोष आहे तो कामाच्या निवडीत, आणि तो जितका कॉलेजचा आहे तितकाच आपला. पोरे आली तेव्हा आपण त्यांना आपले खरे दुखणे दाखवलेच नाही. 'इथे झाडे लावा' म्हणून शाळेच्या कुंपणाकडे बोट दाखवले, झाले.

आपले खरे दुखणे पाण्याचे आहे. वसईच्या पश्चिम पट्टीत विहिरींचे गोडे पाणी टिकेल की नाही, हा या घडीचा प्रश्न आहे. आणि त्याच्यासाठी या पोरांच्या हातून होण्यासारखे एक काम आहे. त्यांना आपली बावखले आणि विहिरी मोजू द्या.

दीड हजार दिवसांचे मनुष्यबळ

आधी या पोरांची ताकद किती आहे ते समजून घ्या. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्माजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन सुरू झाली. आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ साली, या योजनेने दुष्काळ निवारण हाच विषय घेतला होता. म्हणजे गावच्या पाण्याशी या योजनेचे नाते जुने आहे.

नियम असा की प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करायचे. एका युनिटात साधारण शंभर पोरे धरली तर वर्षाचे बारा हजार तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर दीड हजार दिवस! कुठल्या ग्रामपंचायतीकडे एवढे मनुष्यबळ आहे? तुमच्या पंचायतीत एक ग्रामसेवक, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे ठरले आहे, त्याच्याकडे दोन-दोन गावांचा कारभार. तलाठ्याचेही तेच. या माणसांनी प्रत्येक वाडीत जाऊन विहीर मोजावी अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. एम.सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. पुढे २००३ साली न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्या नमुना अभ्यासक्रमात शंभरांपैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष पाहणीला होते. नदी, डोंगर, जंगल, तळे, जे जवळ असेल ते पाहा आणि लिहा, असे त्यात स्पष्ट होते. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र प्रकल्प आणि समाजाशी जोडलेले काम यांनाही पदवीत श्रेयांक आहेत.

पण पोराने पाहायचे काय, हे त्याला कुणी दाखवायला नको का? नाही दाखवले तर तो झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीची वही उतरवून आणणार. तिच्यात ध्रुवावरचे बर्फ असेल, ॲमेझॉनचे जंगल असेल, आणि कॉलेजच्या मागच्या वाडीतले बावखल नसेल.

बावखल कशाला मोजायचे?

आपल्या जुन्या माणसांना हे सांगायची गरज नाही, पण विरार-नालासोपाऱ्यात नव्याने राहायला आलेल्यांना सांगायला हवे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाख बावीस हजार होती, आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याने बावखल हा शब्दही ऐकलेला नसेल. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, तिथून ते जमिनीत मुरायचे, आजूबाजूच्या विहिरी भरलेल्या राहायच्या. रहाटाने पाणी उपसून त्यावर केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला होत असे. आपल्या वाडवडिलांनी हे काही शोभेला खणलेले नव्हते. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी कसे टिकते, याचे गणित त्यांना अनुभवाने कळले होते.

ते गणित असे. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत खाली खारे पाणी असते आणि त्याच्यावर पावसाचे गोडे पाणी तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी राहू शकते, असे भूजलशास्त्र सांगते. याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. उपसा करून वरची पातळी कायमची एक फूट उतरवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फुटांनी वर सरकू शकते. म्हणून किनाऱ्याला एका फुटाची किंमत फार मोठी आहे. घाटावरच्या शेतकऱ्याची विहीर आटली तर पुढच्या पावसात भरते. आपली विहीर एकदा खारी झाली तर ती भरलेली दिसते आणि तरी उपयोगाची राहात नाही. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागतात तेव्हा आपल्याला कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

या पाण्यासाठी वसईने लढा दिला आहे. १९८०-९० च्या दशकांत टँकर वाडीतल्या विहिरींना नळ्या लावून शहराकडे पाणी नेत होते आणि हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ घातला होता, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. दिब्रिटो २०२४ साली गेले. त्या वेळी मोर्चात आलेली माणसे आता साठी-सत्तरीला पोचली. पुढची पिढी मोर्चाला येईल न येईल, पण ती हिशेब ठेवू शकते. आणि आजचे प्रश्न हे घोषणांपेक्षा हिशेबाने सुटणारे आहेत. गावात बावखले किती होती, आज किती उरली, त्यांतली कोणती अर्धी बुजली, कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या वर्षी मचूळ झाले, याची लेखी नोंद तुमच्या दप्तरात आहे का? बहुतेक गावांत ती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्याबरोबरच ती जाणार आहे.

नोंद नसेल तर बुजवलेले बावखल 'कधी नव्हतेच' असे सांगायला कुणालाही सोपे जाते.

जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या अडकल्या, वसईच्या मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली, कित्येक भागांत वीज नव्हती. पाणी का तुंबले याचा अभ्यास करायला पालिकेला नागपूरची नीरी आणि पवईची आय.आय.टी. अशा संस्थांना बोलवावे लागले. अभ्यास हवाच. पण पावसाचे पाणी थांबायला जागा हवी, हे आपल्या बावखलांना आधीपासून ठाऊक होते. जे तळे मे महिन्यात विहिरीला पाणी देते, तेच जुलैत रस्त्यावर येणारे पाणी पोटात घेते. एकाच खड्ड्याची ही दोन कामे आहेत.

एक छप्पर म्हणजे एक बावखल

थोडा आकड्यांचा हिशेब करू. पाच गुंठ्यांचे, दहा फूट खोल बावखल धरा. बाजू सरळ धरल्या तर त्यात सुमारे पंधरा लाख लिटर पाणी मावते. उतरत्या बाजू आणि गाळ धरून दहा लाख म्हणा. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे शंभर टँकर झाले, तेही एकदाच भरल्याचे. पावसाळाभर ते मुरते आणि पुन्हा भरते, तो हिशेब वेगळाच.

आता महाविद्यालयाची इमारत घ्या. दहा हजार चौरस फुटांचे छप्पर काही फार मोठे नव्हे. आपल्याकडे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी त्या एका छपरावरून पावसाळ्यात पंधरा लाख लिटरच्या आसपास पाणी उतरते. म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाच्या डोक्यावर एक बावखल आहे! आज ते बहुतेक ठिकाणी गटारात जाते आणि त्याच आवारात उन्हाळ्यात टँकर उभा राहतो.

कॉलेजातल्या पोरांनी पर्यावरणाचे काम इथून सुरू करावे. पन्हाळीचे पाणी गाळून शोषखड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत सोडायला फार मोठे तंत्र लागत नाही. पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर सोडायचे, मग जाळी, वाळू, खडी यांतून उरलेले आत घ्यायचे. टँकर किती आले याची नोंद फाटकावर ठेवायची आणि दरवर्षी ती नोटीस बोर्डावर लावायची. पाच वर्षांत टँकरचा आकडा खाली आला तर काम झाले, नाही आला तर फलक कितीही रंगवले तरी काम झालेले नाही.

कँटीनच्या ओल्या कचऱ्याचे तसेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करायला सांगितला, २०१८ साली राज्याने प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आणली. तरी गोखिवऱ्याच्या डेपोवर काय परिस्थिती झाली ते आपण पाहिले आहे. महाविद्यालयाच्या आवारात पडणारा पालापाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवला तर त्याचे खत जवळच्या वाडीला देता येईल. मात्र पोरांनी एक काळजी घ्यावी. खतात काच, पिना, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे निघाले तर शेतकरी दुसऱ्यांदा घेणार नाही. फुकट मिळते म्हणून कुणी आपल्या मोगऱ्याच्या वाफ्यात काच टाकून घेत नाही.

पोरांनी काय मोजायचे, गावाने काय द्यायचे

कामाची पद्धत अवघड नाही. गावातल्या बावखलांची आणि निवडक वीस-पंचवीस विहिरींची यादी करायची. प्रत्येकीला क्रमांक द्यायचा. विहिरीच्या कठड्यावर एका जागी रंगाची खूण करायची आणि दर वेळी त्याच खुणेपासून वजन बांधलेली टेप सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचे. खूण बदलली की मोजमाप वाया. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असे चार वेळा मोजते. आपणही तेच महिने धरावेत, म्हणजे सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येईल.

त्याच वेळी बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा. विज्ञान शाखेच्या पोरांना प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढायला शिकवतातच. परीक्षेच्या बाटलीतले पाणी मोजण्यापेक्षा आपल्या गावच्या विहिरीचे मोजले तर हातही बसेल आणि कामही होईल. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. शेतीसाठी खिशात मावणाऱ्या मीटरने क्षारता बघता येते. ०.७ डेसिसायमनपर्यंतचे पाणी पिकाला बिनधोक, ३ च्या वर गेले तर बहुतेक पिकांना जाच होतो. पण एकदा मोजलेल्या आकड्याने घाबरू नका आणि खूषही होऊ नका. मे महिन्याचा आकडा मे महिन्याशीच ताडायचा, आणि सलग पाच मे महिने हाताशी असले तरच विहीर कुठल्या दिशेने चालली आहे ते कळते.

इथे खरी अडचण आहे. एन.एस.एस.चा पोरगा दोन वर्षे असतो, पदवीचा तीन-चार वर्षे. तो गेला की त्याची वही जाते. प्राध्यापकाची बदली झाली की कपाटाची किल्ली जाते. पोरांना उत्साह आहे पण त्यांच्या आठवणीला मुदत आहे. गावाचे उलटे. गाव जागचे हलत नाही, पण गावाला मोजायला हात नाहीत. म्हणून मोजणी पोरांनी करावी आणि वही गावाकडे राहावी. अर्नाळा, कळंब, रानगाव, सत्पाळा अशा ग्रामपंचायतींत ती पंचायतीच्या दप्तरात राहील. जी गावे महापालिकेत गेली तिथे प्रभाग कार्यालयात एक प्रत आणि गावच्या वाचनालयात दुसरी ठेवावी. कार्यालयातली वही हरवते हा अनुभव आहे, म्हणून दोन प्रती.

हे काही जगावेगळे नाही. माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी जोडून जैवविविधतेच्या नोंदी करवल्या. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. तुमच्या पंचायतीतही अशी समिती कागदावर असेल. तिची नोंदवही उघडून बघा. गावातल्या बावखलांची, त्यांतल्या माशांची, काठच्या झाडांची पाने तिच्यात आहेत का? पवईच्या आय.आय.टी.त १९८५ पासून 'सितारा' नावाचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तिथले विद्यार्थी कर्जत, शहापूर, मोखाड्याकडे जाऊन गावच्या नळयोजना का बंद पडतात याचा अभ्यास करतात. त्या धर्तीवर राज्याने २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान काढले, की जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्याच्याच प्रश्नांचा अभ्यास प्रशासनाला करून द्यावा. सरकारी वाट आहे. चालणारे पाहिजेत.

गावाने मोबदल्यात फार काही द्यायचे नाही. पोरांबरोबर पहिल्या फेरीत एक माहितगार वडीलधारा माणूस द्यावा. कोणते बावखल कुणाच्या आज्याने खणले, कुठले कधी बुजले, हे तोच सांगू शकेल. तलाठ्याने बावखलाचा सर्व्हे नंबर सांगावा. गाव नमुना बारामध्ये पाण्याच्या साधनाची नोंद करायची जागा असते, ती भरलेली आहे का ते पाहावे. आणि पोरांना सक्त ताकीद द्यावी की कुणीही पाण्यात उतरायचे नाही, एकट्याने विहिरीवर जायचे नाही. गाळाने भरलेले बावखल वरून शांत दिसते, आत पाय रुतला की निघत नाही.

वाडीवाल्याचे म्हणणेही ऐका

आता कुणी वाडीवाला म्हणेल, "नोंद झाली की उद्या सरकार येणार. माझ्या जागेतले बावखल, मी ठेवीन नाहीतर बुजवीन. पोराचे लग्न आले, आजारपण आले, तर विकायला हीच जागा आहे." हे म्हणणे खोटे नाही. जमिनीचे भाव असे झाले आहेत की पाच गुंठे पाणी सांभाळणारा माणूस लाखो रुपये पाण्यात ठेवून बसला आहे. त्याने सगळ्या गावासाठी ते फुकट सांभाळावे आणि गावाने नुसते पर्यावरणावर भाषण करावे, हा न्याय नव्हे.

पण दुसरी बाजूही आहे. जमीन तुमची, सातबारा तुमचा, तरी जमिनीखालचे पाणी सातबारा ओळखत नाही. तुमचे बावखल बुजले की शेजाऱ्याची विहीर खाली जाते, त्याने जास्त उपसा केला की तुमच्या विहिरीत खारे चढते. गावाच्या सामाईक तळ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आणि पुन्हा २०११ साली कडक निकाल दिले आहेत, की ती कुणाला देता येणार नाहीत आणि अतिक्रमणे काढावीत. खाजगी बावखलाला तो न्याय तसाच लागत नाही. तिथे समजुतीनेच चालावे लागेल. म्हणून नोंदवहीत मालकाचे नाव फलकावर लावण्यासारखे लिहू नये, नुसता क्रमांक असावा. जो बावखल राखतो त्याला गावाने काहीतरी द्यावे. गाळ काढायला श्रमदान द्यावे, घरपट्टीत सूट देता येईल का याचा विचार पंचायतीने आणि पालिकेने करावा. उन्हाळ्यात काढलेला गाळ त्याच्याच केळीला पडेल, हा फायदा तर रोख आहे. पोरांच्या शिबिराने एका वर्षात एक बावखल गाळमुक्त केले, तरी दोनशे रोपांपेक्षा ते काम जास्त दिवस टिकेल.

पूर्वेकडच्या गावांसाठी

तुंगारेश्वराच्या पायथ्याची पारोळ, मेढे, भाताणे, उसगावकडची गावे म्हणतील, आमच्याकडे बावखल कुठे आहे? तुमच्याकडे ओहोळ आहेत. तुमच्याकडे पोरे शिबिराला आली की वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती-वाळू भरून ओहोळ अडवायचा, फार स्वस्त आणि चांगला उपाय. पण तो केव्हा घातला यावर सगळे आहे. पाणी वाहते असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो घातला पाहिजे. शिबीर सोयीचे म्हणून डिसेंबरच्या शेवटी आले, आणि तोवर ओहोळात नुसते दगड उरले, तर तो बंधारा फोटोतच पाणी अडवतो. सरपंचांनी प्राचार्यांना पत्र लिहून सांगावे, की आमच्या ओहोळाचे पाणी अमुक आठवड्यापर्यंत असते, तेव्हा या. कॉलेजचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवते हे खरे, पण दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस मागून घेता येतात. आणि पावसाळ्याआधी त्या गोणी काढायची जबाबदारी कुणाची, तेही त्याच पत्रात लिहावे. नाहीतर पुढच्या पुरात गोण्यांचे प्लास्टिक खाडीत जाते आणि किनाऱ्यावर दुसऱ्या कॉलेजची पोरे ते वेचत बसतात.

झाडांचेही तसेच. २०१९ साली राज्याने एका हंगामात ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्टे लावण्याची असतात, जगवण्याची क्वचितच. पोरांनी वीसच झाडे लावावीत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक झाडाला पाणी कोण घालणार त्याचे नाव आधी ठरवावे. गावातच राहणारी पोरे कॉलेजात असतातच. सुट्टीची कामे त्यांच्याकडे द्यावीत.

येत्या गांधी जयंतीला

तेव्हा सरपंच मंडळींना, पोलीस पाटलांना, वाडीवाल्यांना एवढेच सांगणे आहे. या वर्षी कॉलेजचे पत्र येण्याची वाट बघू नका. तुम्हीच पत्र लिहा. आमच्या गावात इतकी बावखले आहेत असा आमचा अंदाज आहे, ती मोजून द्या, असे लिहा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पोरांना दहा मिनिटे द्या. मागच्या मे महिन्यात कोणत्या विहिरीचे पाणी किती खाली होते आणि किती खारे होते, हे त्यांना वाचून दाखवू द्या. पहिल्या वर्षी चुका होतील, एखादा आकडा चुकेल, कुणी तरी उठून 'माझी विहीर गोडीच आहे' म्हणून भांडेल. भांडू द्या. पाण्याच्या आकड्यावर ग्रामसभेत भांडण झाले तर ते गावाच्या भल्याचेच आहे.

महाविद्यालयांनाही एक सांगणे. पोरांना गुण द्यायचे ते लावलेल्या रोपांवर देऊ नका. मागच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीने पुढे चालवली का, यावर द्या. टँकर कमी झाला का, मेमध्ये झाड जिवंत होते का, विहिरीची खूण तीच आहे का, हे तपासा.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. वसईच्या आडात अजून आहे. किती आहे आणि किती दिवस पुरेल, हे मात्र कुणी मोजलेले नाही. मोजायला तयार असलेली पोरे आपल्याच घरात आहेत. त्यांना वही, टेप आणि बावखलाची वाट दाखवणारा एक म्हातारा माणूस, एवढे आपण दिले पाहिजे.